पटकीच्या जंतूचा पाटकरी



गळीत हंगाम तोंडावर आला, की टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो. पाट, ओढा, विहीर, जिथे मिळेल तिथे घागर बुडते. पूर्वी गावात पटकी शिरली, की मरीआईचा गाडा शिवेपार नेत. आता आपल्याला ठाऊक आहे, की हा रोग घाण पाण्यातल्या जंतूचा. पण हाच जंतू पाण्यात असताना गप्प असतो आणि पोटात गेला की उठतो. हे कसे, ते आम्ही या अंकात सांगणार आहोत.

पटकी माणसाला मारते ती जंतूने सोडलेल्या विषामुळे. कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून हे विष दाखवून दिले. विषाने आतड्यातून पाणी आणि क्षार बाहेर धावू लागतात. उपचार झाला नाही, तर काही तासांत धडधाकट माणूस जातो.

हे विष कसे करायचे, याचा लेखी हुकूम जंतूच्या जनुकात असतो. पण कालव्याला पाणी आलं म्हणून सगळ्या चाऱ्यांची दारं एकदम उघडत नाहीत. कुठलं दार कधी उघडायचं, ते पाटकरी बघतो. जंतूतही असे पाटकरी आहेत. ती असतात प्रथिने.

पहिला पाटकरी टॉक्स-आर. १९८४ साली अमेरिकेत मिलर आणि मेकॅलानोस यांनी त्याचे काम उजेडात आणले. तो जंतूच्या आतल्या आवरणात रुतून बसतो. एक टोक बाहेर, दुसरे आत जनुकावर. बाहेरचा रागरंग बघून, जोडीदाराच्या मदतीने, तो टॉक्स-टी नावाच्या दुसऱ्या पाटकऱ्याला कामाला लावतो. टॉक्स-टी दोन दारे उघडतो. एक विषाचे, दुसरे आतड्यात ठाण मांडायला लागणाऱ्या बारीक केसांचे.

टॉक्स-टी म्हणजे २७६ अमिनो आम्लांची घडी घातलेली माळ. २०१० साली अमेरिकेतील डार्टमथ येथील शास्त्रज्ञांनी तिचा आकार प्रसिद्ध केला. तिचे दोन भाग आहेत. एक भाग जनुकाला पकडतो. दुसऱ्या भागात एक खळगा असतो आणि त्यात स्निग्ध आम्लाचा एक रेणू अडकलेला सापडला. जणू दाराला घातलेली खीळच! खीळ आहे तोवर प्रथिन आवळलेले राहते, जनुकाला धरता येत नाही. आतड्याच्या पोकळीत पित्ताबरोबर अशी आम्ले येतात. जंतू आतड्याच्या भिंतीजवळ पोचला, की ती कमी पडतात, खीळ निघते आणि दार उघडते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

मग ही खीळ आपणच घातली तर? २००५ साली व्हर्स्टॅटिन नावाचा पदार्थ सापडला. त्याने टॉक्स-टी लुळा पडतो आणि उंदराच्या पिलांच्या आतड्यात जंतूला वस्ती करता आली नाही. जंतूला न मारता त्याचे हत्यार काढून घेण्याची ही वाट. पण ते अजून दवाखान्यात मिळणारे औषध झालेले नाही.

तोपर्यंत आपल्या हातात काय? पाणी. ज्यांच्या फडात टोळी उतरेल, त्यांनी पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर योग्य मापाने पडते की नाही, ते स्वतः बघावे, नाहीतर पाणी उकळून प्यायला सांगावे. कुणाला जुलाब लागले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. साखर आतड्याला मीठ शोषायला मदत करते, मिठामागून पाणी येते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साखर-मिठाच्या पाण्यावर हजारो रुग्ण वाचवले.

आपल्या उसाचीच साखर ती. ज्यांच्या कोयत्यावर आपला कारखाना चालतो, त्यांची लेकरं पाण्यापायी जाऊ नयेत, एवढे आपण बघू या.