नळी कधी काढणार, हे विचारा

2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. पण दवाखान्यातला मुक्काम लांबला की रुग्णाला गाठणारी आणखी एक बुरशी आहे. तिचे नाव कँडिडा. लघवीच्या नळीमुळे तिला मूत्राशयात बस्तान बसवायला जागा मिळते.

मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस. निपाणीकडचे नातेवाईक बेळगावच्या दवाखान्यात दाखल झाले, की रात्रीच्या सोबतीला बहुधा मीच असतो. माझ्या मावशींचे उदाहरण सांगतो. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी त्या काठी धरून चालू लागल्या, तरी नळी तशीच राहिली. ‘असू दे, चादरी बदलायला नकोत,’ असे घरचेच म्हणत होते. त्यात त्यांना मधुमेह. अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. तपासणीत बुरशी निघाली आणि नेहमीची गोळी तिच्यावर लागू पडेना.

असे का होते? कँडिडा एरवी आपल्या आतड्यात व त्वचेवर निमूट असते. भारी अँटिबायोटिक्स दिली की तिला आवरून धरणारे जिवाणू मरतात आणि तिला मोकळे रान मिळते. नळीच्या पृष्ठभागावर ती चिकट थर करून बसते. त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. नळी असेपर्यंत दररोज शंभरातील सुमारे तीन ते सात रुग्णांच्या लघवीत नव्याने जिवाणू शिरतात. मग पुन्हा अँटिबायोटिक आणि बुरशीला पुन्हा संधी.

खरी अडचण औषधांची आहे. बुरशीवरची औषधे मुळात मोजकी. त्यातली काही नवी, महागडी इंजेक्शने रक्तात काम करतात, पण लघवीत फारशी उतरत नाहीत. फ्लुकोनॅझोल मात्र उतरते, म्हणून सारी भिस्त त्याच्यावर. तेच निकामी झाले तर बहुधा अँफोटेरिसिनकडे वळावे लागते आणि ते मूत्रपिंडाला जड जाते. कँडिडा ऑरिस ही जात 2009 साली जपानमध्ये प्रथम ओळखली गेली. 2009 ते 2011 या काळात दिल्लीच्या दोन रुग्णालयांत ती बारा रुग्णांमध्ये आढळली. तिच्यावर फ्लुकोनॅझोल चालत नव्हते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची यादी केली, तेव्हा ऑरिसला सर्वांत वरच्या गटात ठेवले.

म्हणून नायटा झाला की चिठ्ठीशिवाय दुकानातून फ्लुकोनॅझोल आणून चार दिवस घेण्याची सवय सोडली पाहिजे. जे औषध उद्या आपल्याच आज्जीला लागणार आहे, त्याची धार आपण आज बोथट करतो.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. लघवीच्या अहवालात बुरशी दिसली म्हणजे आजार झालाच असे नाही. त्रास नसेल तर पुष्कळदा नळी काढणे हाच उपाय पुरतो. अशा वेळी डॉक्टरांनी औषध दिले नाही, तर त्यांच्यामागे लागू नये. अर्थात फार अशक्त रुग्ण, नवजात बाळे यांची गोष्ट वेगळी. तेथे निर्णय डॉक्टरांचाच.

सोबतीला राहणाऱ्यांनी एवढे पाळावे. पिशवी कंबरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळीचा जोड उगाच सोडू नये. पिशवी रिकामी करण्याआधी व नंतर साबणाने हात धुवावेत. आत फुगा असल्याने नळी स्वतः कधीही ओढू नये.

आणि रोजच्या फेरीला डॉक्टरांना विचारावे, ‘नळी कधी काढणार?’ नर्सबाई कन्नडमध्ये बोलणाऱ्या असतील तर ‘पैप यावाग तेगीतीरी?’ म्हणावे. विचारण्यात संकोच कसला? चादरी धुता येतात. मावशींना मात्र घरी परतायला आणखी तीन आठवडे लागले.