अटकेनंतरचे हक्क : मागाल तर मिळतील

एखाद्यावर गुन्हा दाखल झाला, पोलिसांनी त्याला अटक केली, की समाज त्याला दोषी ठरवून मोकळा होतो. कायदा मात्र तसे मानत नाही. गुन्हा शाबीत होईपर्यंत तो केवळ आरोपी असतो आणि त्याला काही निश्चित हक्क असतात. त्यांची माहिती नसल्यामुळे अनेक गरीब आरोपी गरजेपेक्षा जास्त काळ तुरुंगात खितपत पडतात.

पहिले चोवीस तास

राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटकेची कारणे आरोपीला सांगणे, त्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. सुटीचा दिवस असला, तरी ही मुदत वाढत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला मात्र हे नियम लागू नाहीत. अटकेची खबर नातेवाइकाला वा मित्राला देणे, ही पोलिसांची जबाबदारी आहे.

अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतील एका अपघात प्रकरणाच्या निमित्ताने दिला. कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी ती आरोपीच्या हाती पडायला हवीत. अन्यथा अटक बेकायदा ठरू शकते.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्तीही कोणावर करता येत नाही. मोक्कासारख्या विशेष कायद्यात मात्र वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढील कबुली ठराविक अटींवर ग्राह्य धरली जाते.

वकील नसेल तर?

कोठडीत असलेल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर मदत मिळते. अजमल कसाब प्रकरणातील २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच हक्कावर भर दिला. आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाईल तेव्हाच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले.

गुन्हा कितीही भीषण असो, आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव वकील संघटना करतात. असे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे.

साठ आणि नव्वद दिवसांचे गणित

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या १८७ व्या कलमानुसार फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, तर अन्य गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पूर्ण न झाल्यास आरोपी जामिनाला पात्र ठरतो. मोक्काखाली न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते.

मात्र, हा जामीन आपोआप मिळत नाही. मुदत संपल्यावर आणि आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. अर्जाआधी आरोपपत्र आले, तर हा हक्क हातचा जातो. म्हणूनच आप्तांनी पहिल्या कोठडीची तारीख लिहून ठेवावी. दिवस तेव्हापासून मोजले जातात.

खटला रेंगाळला, तर ४७९ वे कलम उपयोगी पडते. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून काढल्यास, तर पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने एक तृतीयांश काळ काढल्यास, सुटकेचा मार्ग खुला होतो. फाशी वा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळले आहेत; एकापेक्षा अधिक खटले प्रलंबित असल्यासही हा लाभ मिळत नाही. त्यासाठी न्यायालयाला लेखी कळविण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. तरीही कुटुंबीयांनी पाठपुरावा करणेच श्रेयस्कर.

या तरतुदी गुन्हेगारांचे लाड नव्हेत. उद्या चुकीच्या संशयावरून कोणाही निरपराध माणसावर बालंट आले, तर त्याच्या हाती एवढीच ढाल असणार आहे.