लॉन कापायचे पैसे कशाचे?

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात मे महिन्यात लॉन कापायला कुणी माळी शोधत नाही. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की मात्र हेच गवत आठवड्यात घोटाभर वाढतं. म्हणजे खर्च जागेवर कमी आणि ऋतूवर जास्त ठरतो.

हरळीसारख्या गवताची वाढ शेंड्यातून नव्हे, बुडाजवळून होते. म्हणूनच ते कापलं तरी मरत नाही, पुन्हा वर येतं (गाई-बकऱ्यांचं पोट यावरच चालतं). पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं, तर अन्न तयार करणारी पानंच जातात आणि मुळं कमजोर होतात. महिन्यातून एकदाच माळी बोलावून पैसे वाचवणाऱ्यांची हिरवळ पिवळी पडते ती यामुळे.

आता श्रमाचा हिशेब. दहा मीटर बाय दहा मीटरचं लॉन आणि अर्धा मीटर रुंद पट्टा कापणारं यंत्र घ्या. वीस फेऱ्या, म्हणजे दोनशे मीटर चाल. हे काम किरकोळच. खरा वेळ जातो तो कडा नीट करण्यात, कापलेलं गवत गोळा करून उचलण्यात. शिवाय बीरगांवजवळच्या उरला या औद्योगिक भागातल्या कारखान्यांशेजारी पानांवर बसलेली धूळ पात्याची धार लवकर घालवते. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांत शेंडे तपकिरी दिसू लागतात.

तेव्हा दर ठरवताना दोन गोष्टी आधीच विचारा : कचरा कोण उचलणार आणि पात्याला धार कधी लावली?