सिंहलद्वीपाचा प्रवास : दोन मराठी प्रवासी

प्रस्तावना

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपल्यासमोर एक मूलभूत प्रश्न येतो. एखाद्या पवित्र स्थळी जाणारा माणूस यात्रेकरू असतो की प्रवासी? यात्रेकरूला काय पाहायचे आहे हे आधीच ठाऊक असते. त्याची श्रद्धा घरूनच सिद्ध होऊन निघालेली असते. प्रवासी मात्र जे दिसेल त्याचा अर्थ लावत जातो आणि त्या ओघात स्वतःही काही अंशी बदलतो. प्रत्यक्षात या दोन भूमिका एकमेकींत मिसळतात. विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले ते द्रव्यार्जनासाठी. परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली आणि 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माझा प्रवास'मधून मराठी वाचकाला उठावाचा एक साक्षीदारही लाभला.

या घटकात आपण सिंहलद्वीप, म्हणजे आजचा श्रीलंका, या बौद्धांना पवित्र असलेल्या बेटाचा आणि तेथे गेलेल्या दोन मराठी प्रवाशांचा विचार करणार आहोत. धर्मानंद कोसंबी 1902 मध्ये तेथे गेले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1950 मध्ये. पहिले शिकण्यासाठी गेले, दुसरे पारखण्यासाठी. या फरकातून 'प्रवासी' या संकल्पनेचे दोन पैलू स्पष्ट होतात.

1. अपरान्त आणि ताम्रपर्णी

कोकणातील वाचकाला हे बेट दूरचे वाटेल. परंतु बौद्ध परंपरेत कोकण आणि लंका यांचा उल्लेख एकाच प्रकरणात येतो. 'महावंस' हा सिंहली राजवंशांचा पाली इतिहासग्रंथ पाचव्या-सहाव्या शतकातील मानला जातो. सम्राट अशोकाच्या काळी धर्मप्रसारासाठी निरनिराळ्या देशांत थेर पाठविले गेले, असे तो सांगतो. त्यांपैकी योनक धम्मरक्खित हे अपरान्तात आले आणि महिंद थेर ताम्रपर्णीला, म्हणजे लंकेला गेले. अपरान्त म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांमधील पट्टी. आजचा रत्नागिरी जिल्हा त्याच पट्टीत मोडतो. याच ग्रंथातील कथेनुसार सिंहलांचा आद्य राजा विजय लंकेला पोहोचण्यापूर्वी सुप्पारक बंदरात उतरला होता. सुप्पारक म्हणजे आजचे नालासोपारा.

पुढे मात्र दोन्ही भूमींच्या वाटा वेगळ्या झाल्या. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीच्या 29 लेण्यांत हा बदल दगडात पाहता येतो. तेथे आरंभी थेरवादी भिक्षूंची वस्ती होती. नंतर वज्रयान पंथाच्या मूर्ती आल्या आणि अखेरीस शैव व नाथपंथीय शिल्पे कोरली गेली. कोकणात बौद्ध परंपरा क्रमाने विझत गेली. बेटावर ती टिकली, आणि केवळ स्तूपांच्या रूपाने नव्हे, तर ग्रंथांच्या रूपानेही. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, तोपर्यंत मुखोद्गत असलेले त्रिपिटक लंकेत ताडपत्रांवर लिहिले गेले, असे परंपरा सांगते. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी अनुराधपूरच्या महाविहारात राहून 'विसुद्धिमग्ग' हा महाग्रंथ रचला. ज्या देशात बुद्धांनी धर्मोपदेश केला, त्या देशातील जिज्ञासूला त्यांची वचने मूळ भाषेत शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागावा, ही स्थिती यातून निर्माण झाली.

2. बेटाचे पावित्र्य कशात आहे?

लंकेचे पावित्र्य तीन प्रकारच्या स्थळांशी निगडित आहे. पहिला प्रकार बुद्धांच्या कथित आगमनाचा. 'महावंस'नुसार बुद्ध तीन वेळा बेटावर आले. इतिहासाला याचा पुरावा मिळत नाही. परंतु श्रद्धेच्या भूगोलात उत्तरेकडील नागदीप हे छोटे बेट, केळणिय आणि समनळ पर्वतावरील पदचिन्ह यांना त्यामुळेच स्थान मिळाले आहे. दुसरा प्रकार भारतातून आलेल्या पवित्र वस्तूंचा. संघमित्रा थेरीने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला वृक्ष अनुराधपूरला आहे, तर कँडीच्या मंदिरात बुद्धांचा दंतधातू जतन केला आहे, अशी श्रद्धा आहे. तिसरा प्रकार विद्येच्या केंद्रांचा, म्हणजे विहार आणि परिवेण यांचा.

परदेशी प्रवासी यांकडे कसा पाहतो, याचे एक जुने उदाहरण चिनी भिक्षू फाहियान याचे आहे. तो 399 मध्ये चीनमधून निघाला आणि भारतातील स्थळे पाहून पाचव्या शतकाच्या आरंभी लंकेत येऊन दोन वर्षे राहिला. एका बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने अर्पण केलेला चिनी पांढऱ्या रेशमाचा पंखा पाहून त्याचे डोळे भरून आले, असे त्याच्या वृत्तान्तात आहे. समोर मूर्ती असताना त्याला रडू आले ते स्वदेशाच्या खुणेने. ही नोंद त्याने लपविली नाही, म्हणूनच त्याचा वृत्तान्त माहात्म्यग्रंथाहून निराळा ठरतो.

3. धर्मानंद कोसंबी : शिकण्यासाठी गेलेला प्रवासी

धर्मानंदांचा जन्म 1876 मध्ये गोव्यातील साखवाळ येथे झाला. नियमित शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. 'बालबोध' मासिकातील बुद्धावरील लेखाने त्यांच्या मनात जिज्ञासा निर्माण केली. 1899 मध्ये पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर आणि काशी या मार्गाने त्यांनी आधी संस्कृत मिळविले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी विद्याभ्यास केला. नंतर बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले. परंतु तेथील धर्माचरण पाहून त्यांची निराशा झाली. बोधगयेला आल्यावर पाली शिकायची तर लंकेला गेले पाहिजे, हे त्यांना कळले आणि कलकत्त्यामार्गे ते 1902 मध्ये कोलंबोला पोहोचले.

तेथील विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल या विद्वान थेरांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली ग्रंथांचे अध्ययन सुरू केले. या घटनेतील अडचण नीट समजून घ्यावी. पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. लंकेत ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, तर युरोपात 1881 पासून पाली टेक्स्ट सोसायटीच्या ग्रंथांत रोमन लिपीत छापली जाई. संस्कृत जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही ग्रंथ उघडण्यापूर्वी नवी अक्षरे गिरवावी लागत. शिवाय तेथील अन्न त्यांना मानवले नाही आणि प्रकृती ढासळली. सुमारे वर्षभराने, 1903 मध्ये, त्यांना बेट सोडून मद्रासला यावे लागले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी आपली साधना व अध्ययन चालू ठेवले.

हा सारा प्रवास त्यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मकथनात मांडला आहे. त्याची भाषा साधी, अलंकारविरहित आहे. स्थळवर्णनाचा सोस त्यात आढळत नाही. पैशांची चणचण, आजार, संशय आणि घरच्या माणसांविषयीची टोचणी हे त्यातील खरे विषय आहेत. ज्ञानासाठी केलेल्या गृहत्यागाची किंमत घरी राहिलेल्या पत्नीनेही मोजली, हे वाचकाने दृष्टिआड करू नये.

प्रवासाची फलश्रुती बेटावर नव्हे, तर परतल्यावर दिसते. 1906 मध्ये त्यांनी चीवर उतरविले आणि गृहस्थाश्रमात परतले. 'बुद्ध, धर्म आणि संघ' या पुस्तकापासून त्यांनी बौद्ध विचार सोप्या मराठीत आणला. 1912 पासून काही वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. हार्वर्ड विद्यापीठात जाऊन त्यांनी 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम केले. त्यांची या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये भारतीय विद्या भवनाने मुंबईत प्रसिद्ध केली. अनुराधपूरला रचलेला ग्रंथ अशा रीतीने मराठी वाचकाच्या परिचित लिपीत आला.

4. डॉ. आंबेडकर : पारखण्यासाठी गेलेला प्रवासी

बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे. ते रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. 1950 च्या मे महिन्यात, भारताचे कायदामंत्री असताना, ते कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेच्या वेळी लंकेला गेले. याच परिषदेत जागतिक बौद्ध बंधुत्व संघटनेची स्थापना झाली. प्रतिनिधी म्हणून सहभागी न होता निरीक्षक म्हणून राहणे त्यांनी पसंत केले. बौद्ध विधी व समारंभ प्रत्यक्ष पाहावेत आणि बुद्धांचा धम्म येथे कितपत जिवंत आहे हे जाणावे, असा आपला हेतू त्यांनी तेथे बोलून दाखविला. कोलंबोत त्यांनी भारतातील बौद्ध धर्माचा उदय व ऱ्हास या विषयावर भाषणही केले.

त्यांची दृष्टी भाविकाची नव्हती, तशी उपहासाचीही नव्हती. कोट्यवधी अस्पृश्य बांधवांच्या धर्मांतराचा निर्णय त्यांच्यासमोर होता. म्हणून त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता : हा धर्म आजच्या समाजात माणसाला माणूस म्हणून उभा करील काय? त्याच महिन्यात महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी भिक्षुसंघाने विद्या व समाजसेवा यांकडे वळावे आणि बौद्धांसाठी एकच सुटसुटीत धर्मग्रंथ असावा, असे प्रतिपादन केले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर, 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण त्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या तंट्यात शोधले आहे. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची रूढ कथा बाजूला सारून धर्मानंदांनीही त्यापूर्वी हाच धागा हाती घेतला होता.

5. आजच्या प्रवाशासाठी

आज श्रीलंकेला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला समुद्रप्रवासाचे कष्ट नाहीत. तरी पवित्र स्थळाचे संकेत पाळावे लागतात. विहारात पादत्राणे व टोपी काढूनच प्रवेश करतात. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावे लागतात, आणि भाविक सामान्यतः शुभ्र वस्त्रे नेसतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा अनादर समजला जातो. प्रत्येक पौर्णिमेला 'पोय' म्हणतात. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि मद्यविक्री बंद ठेवली जाते. हे संकेत श्रद्धा नसलेल्यानेही पाळावयाचे असतात, कारण ज्यांच्या घरी आपण जातो, ते त्यांच्या श्रद्धेचेही घर असते.

सारांश

अपरान्त आणि लंका यांना बौद्ध धर्म एकाच काळात मिळाला, असे परंपरा मानते. कोकणात तो लोपला, बेटावर टिकला. धर्मानंद कोसंबी तेथे विद्यार्थी म्हणून गेले आणि पाली विद्या मराठीत घेऊन आले. डॉ. आंबेडकर परीक्षक म्हणून गेले आणि त्या निरीक्षणासह आपल्या निर्णयापर्यंत पोहोचले. दोघांनीही बेटाचे पावित्र्य नाकारले नाही. परंतु दर्शनाने समाधान मानून ते थांबलेही नाहीत. प्रवासवर्णन वाचताना प्रवाशाने काय पाहिले याबरोबरच तो काय विचारीत होता आणि परतल्यावर त्याने काय केले, हेही तपासावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. 'यात्रेकरू' आणि 'प्रवासी' या भूमिकांतील फरक फाहियानाच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
2. पाली अध्ययनात लिपीचा प्रश्न कसा उद्भवला? कोसंबींच्या कार्याने तो कितपत सुटला?
3. कोसंबी आणि आंबेडकर यांच्या लंका-प्रवासामागील हेतूंची तुलना करा.
4. आपल्या परिसरातील एखाद्या प्राचीन लेण्याला भेट द्या. तेथे दिसणाऱ्या निरनिराळ्या धर्मपंथांच्या खुणांची नोंद सुमारे 200 शब्दांत लिहा.