गिटारचा कान

‘पिकअप’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाजी मार्केटातली मालवाहू गाडी येते. मी लिहितो आहे तो पिकअप मात्र बोटभर लांबीचा असून इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला असतो. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच त्याचा संसार. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अत्यल्प वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व ते हेच. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर या कानाला काही ऐकू येत नाही.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा गायकाची पट्टी त्याला ठाऊक असते. गिटारच्या कारखानदाराला गिऱ्हाईक दिसतच नाही. ते दुकानात येण्यापूर्वीच पिकअप बसवून टाकावा लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय रुचावा तो यासाठी.

कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे! तो वादकांच्या हाती वाद्य देई आणि त्यांच्या तक्रारी ऐके. १९५४ च्या त्याच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये एकेरी वेढ्यांचे तीन पिकअप होते. घोडीजवळचा टोकदार बोलतो, मानेकडचा गोल, भरीव. तिघांतून एक निवडण्यासाठी तीन खाचांचे बटण होते. वादकांनी ते दोन खाचांच्या मध्येच अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायला सुरुवात केली. अखेर १९७७ साली कंपनीने पाच खाचांचे बटण दिले.

एकेरी पिकअपचा आवाज स्वच्छ; कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. पण तो तारेबरोबर सभागृहातील वायरिंग आणि ट्यूबलाइटही ऐकतो. स्नेहसंमेलनात गिटार थांबली तरी स्पीकरमधून ‘घूं’ चालू राहते, ते याच पाहुण्याचे गाणे.

त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तोड काढली. दोन वेढे शेजारी ठेवून एक उलट जोडायचा. बाहेरची घूं दोन्हींत सारखीच शिरते. एकीकडे ती जमेला, दुसरीकडे नावे पडते आणि बाकी शून्य. मग तारेचा आवाजही शून्य का होत नाही? कारण दुसऱ्या वेढ्याचा चुंबकही उलटा ठेवलेला असतो. दोनदा उलटल्याने तारेची रक्कम दोन्हीकडे जमेलाच पडते. हाच ‘हंबकर’. माझ्या मते ही या सगळ्या धंद्यातील सर्वांत देखणी युक्ती आहे. मात्र ती फुकट नाही. दोन जागी तार ऐकल्यामुळे काही बारीक उच्च स्वरांश एकमेकांना मारतात आणि आवाजाची धार थोडी बोथट होते.

म्हणून स्वच्छ साथ करणाऱ्याला सहसा एकेरी पिकअप आवडतो. आवाज मुद्दाम फाडून वाजवणाऱ्या रॉकवाल्याला हंबकर लागतो, कारण ॲम्प्लिफायर वाढवला की घूंही तितकीच वाढते. जॅझवाले बहुधा मानेकडचा हंबकर पसंत करतात. एडी व्हॅन हेलन याने सत्तरीच्या दशकात गिब्सनचा हंबकर स्ट्रॅटच्या घाटाच्या गिटारमध्ये स्वतःच बसवला. कारखानदारांनी पुढे त्या जोडणीची गिटारे बाजारात आणली. येथेही गिऱ्हाईकच पुढे होते.

वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, हे खरे. पण उच्च स्वर दबतात आणि मधला भाग फुगतो. ‘जास्त ताकदीचा पिकअप’ ही जाहिरात वाचताना हे ध्यानात असावे, कारण आपल्यापैकी बरेचजण शिकवण्यांचे पैसे साठवून एकदाच गिटार घेणार. शोभिवंत लाकडासाठी दोन हजार जास्त मोजणारा मित्र पिकअप कोणता, हे विचारतही नाही!

दुकानात गेलात तर गिटार ॲम्प्लिफायरला जोडून आवाज वाढवा आणि तारांवर तळहात न ठेवता दहा सेकंद नुसते ऐका. मग ट्यूबलाइट मालवायला सांगून पुन्हा ऐका. दुकानदार जरा विचित्र पाहील, पाहू द्या. त्यानंतर एकच कॉर्ड आधी मानेकडच्या आणि मग घोडीजवळच्या पिकअपवर वाजवा. किमतीचे बोलणे त्यापुढे.