सैल तारेचे काम

शिडाच्या छोट्या होडीवर मी शिकाऊ होतो, तेव्हा तिच्यावरची एक तार मला निरुपयोगी वाटली आणि मी ती काढून टाकली. हॅलयार्ड म्हणजे नेमके काय, हे मला त्या चुकीमुळे कळले.

होडी ‘एंटरप्राइज’ वर्गातली. जॅक होल्ट यांनी १९५६ साली हा आराखडा केला. लांबी चार मीटरच्या किंचित वर, शिडे दोन, माणसे दोन. आमच्या होडीची ॲल्युमिनियमची पोकळ डोलकाठी डेकवर नुसती टेकलेली होती. तिला उभे धरायला तीन तारा. दोन तारा डाव्या-उजव्या कडांना, काठीच्या जरा मागे बांधलेल्या. तिसरी पुढे, नाळेकडे. तिला फोरस्टे म्हणतात.

शीड वर चढवायचा दोर म्हणजे हॅलयार्ड. आडावरच्या पोहऱ्याच्या दोरासारखाच तो कप्पीवरून वळतो. मात्र इथे ओढायचे टोकही त्याच काठीच्या पायथ्याशी बांधतात. म्हणून शिडाच्या कडेला ३० किलोंचा ताण दिला, तर कप्पीवर दोन्ही बाजूंचा मिळून ६० किलोंचा भार येतो आणि तो काठीला खाली दाबतो. काही होड्यांत शीड वर पोचले की माथ्यावरच्या खटक्यात अडकवतात. मग दोर मोकळा सोडता येतो आणि भार निम्म्यावर येतो. नायलॉनचा दोर या कामाला घेत नाहीत. तो ताणला जातो, शिडाची कड सैल पडते, शिडाचा फुगवटा मागे सरकतो आणि होडी नुसतीच कलते.

पुढच्या शिडाचे प्रकरण वेगळे. त्याच्या पुढच्या कडेत तार शिवलेली असते आणि त्याचा हॅलयार्डही तारेचाच असतो. बाजूच्या तारा १९ जाड धाग्यांच्या, ताठ. हॅलयार्डची तार कप्पीवरून वळायची म्हणून १३३ बारीक धाग्यांची, लवचीक. हा हॅलयार्ड तरफेने किंवा कप्प्यांच्या जोडणीने ताणला, की काठी तसूभर पुढे येते, बाजूच्या तारा तंबोऱ्याच्या तारांसारख्या घट्ट होतात आणि फोरस्टे सैल लोंबू लागते.

ही लोंबणारी तारच मी काढली. खालच्या टोकाशी तिचे धागे तुटून बोटांना टोचत होते. नवी आणू म्हटले आणि आणली नाही. महिनाभर काही बिघडले नाही. मग एका दुपारी धरणाच्या पाण्यावर वारा वाढला, म्हणून सोबत्याने पुढचे शीड उतरवायला हॅलयार्ड सोडला. काठी मागे कलली आणि आमच्या दोघांच्या मधून, मोठ्या शिडासकट, पाण्यात गेली. हातभर इकडे पडती, तर हा लेख लिहायला मी नसतो. बाजूच्या तारा काठीच्या मागे बांधलेल्या. त्या तिला पुढे किंवा बाजूला पडू देत नाहीत, पण मागे जाताना अडवत नाहीत. शीड चढलेले असेपर्यंत तिला पुढून धरणारा हॅलयार्डच होता.

खरे तर हे मला लहानपणापासून दिसत होते. कोकणातल्या जुन्या मचव्याची डोलकाठी पुढे झुकलेली असते. तिच्यावर शिडाची लांब तिरकी काठी, म्हणजे परबाण, ज्या जाड दोराने चढवतात, त्याचे टोक मागे, वाऱ्याकडच्या कडेला आवळतात. तोच दोर शीडही तोलतो आणि डोलकाठीला मागूनही धरतो. वाऱ्याची बाजू बदलली, की तो सोडून पलीकडे न्यावा लागतो. खलाशी त्या वेळी इतका आरडाओरडा का करतात, याचे मला हसू यायचे.

हॅलयार्ड या शब्दातला ‘यार्ड’ म्हणजे परबाणच. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसता ‘ओढणारा’ असा होता. परबाण चढवणारा दोर म्हणून लोकांनी त्याला तिचे नाव जोडले. आमच्या होडीवर परबाण नाही, नाव मात्र राहिले.

फोरस्टे आता नवी आहे. पुढचे शीड उतरवण्याआधी मी तिची खालची पिन हाताने चाचपतो. शीड चढलेले असताना ती पूर्वीसारखीच सैल लोंबते.