कोल्हापूरचा कप आणि बिस्लीचा वारा

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांवर ब्राँझ पदक जिंकलं, तेव्हा आमच्या मलकापुरात पहिली आठवण निघाली ती खाशाबा जाधवांची. त्यांचं गोळेश्वर आमच्या शेजारचंच. १९५२ च्या हेलसिंकीनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीतल्या कुणाला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं होतं. संपादकांचा निरोप आला : कोल्हापूरच्या नेमबाजीवर लिहा.

विषय तसा तयारच होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल, २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, पिस्तुलात नाव कमावलेली राही सरनोबत आणि कोल्हापूरची दुधाळी रेंज, एवढ्यावर लेख उभा राहिला असता. पण जुनं वाचता वाचता ‘कोलापोर कप’ हे नाव पुढे आलं आणि मी तिथेच थांबलो. १८७१ पासून इंग्लंडच्या मैदानावर देशादेशांचे संघ कोल्हापूरच्या राजाच्या नावाच्या कपासाठी झुंजताहेत, आणि कोल्हापूरपासून दीड तासावर राहणाऱ्या माझ्यासारख्यांच्या कानावर ते कधी पडलेलं नाही.

हा राजा म्हणजे दुसरे राजाराम महाराज. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले, १८७० मध्ये इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. तिथे त्यांचं स्मारक आहे, जवळच्या पुलालाही ‘त्या भारतीयाचा पूल’ म्हणूनच ओळखतात. त्यांच्या नावाच्या कपाचं जुनं पूर्ण नाव ‘राजा ऑफ कोलापोर्स इम्पीरियल चॅलेंज कप’. साम्राज्यातल्या वसाहतींच्या संघांनी मायदेशाच्या संघाशी भिडावं, ही त्यामागची कल्पना. सामने आधी विम्बल्डनला होत, १८९० पासून बिस्लीला होतात. कॅनडाचे संघ १८७० च्या दशकापासून समुद्र ओलांडून येत राहिले; बिस्लीला त्यांचं स्वतःचं पॅव्हेलियनही आहे. प्रत्येक देशाचे आठ नेमबाज. अंतरं ३००, ५०० आणि ६०० यार्ड. प्रत्येक अंतरावर दहा गोळ्या, गोळीला जास्तीत जास्त पाच गुण, म्हणजे संघाचे एकूण १२००. चांगले संघ इतके वर जातात की निकाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गुणांनी लागतो.

इतिहास एवढा पुरे. मला गुंतवलं ते नेमबाजाच्या मागे दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाने. त्याला कोच म्हणतात, पण सामन्यात तो शिकवत नाही. तो वारा वाचतो.

या खेळातल्या रायफलीला भिंगांची दुर्बीण नसते. मागे बारीक छिद्र, पुढे कडं. नेमबाज पालथा झोपतो आणि दंडाला अडकवलेल्या पट्ट्यावर रायफल तोलतो. काडतूस ७.६२ मिलिमीटरचं. बिस्लीला ते सगळ्यांना एकाच प्रकारचं वाटलं जातं, त्यामुळे दारूगोळ्याची बढाई कुणाला मारता येत नाही. लांब पल्ल्याच्या सामन्यात अंतर १००० यार्डांपर्यंत, म्हणजे ९१४ मीटरपर्यंत जातं. तिथे पोहोचायला गोळीला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला सुमारे अडीच मीटर ढकलतो. मधला पाच गुणांचा बुल जेमतेम दोन फूट रुंद. वारा ताशी दोन किलोमीटरने पडला आणि ते ध्यानात आलं नाही, तर अचूक नेमाने मारलेली गोळीसुद्धा बुलबाहेर जाते.

मैदानाच्या कडेला निशाणं फडकत असतात. पण निशाण कळवतं ते त्याच्या काठीपुरतं, आणि कापड जड असेल तर तेही उशिरा. म्हणून कोच दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या अलीकडे आणतो आणि तापलेल्या जमिनीवरची थरथर बघतो. मे महिन्यात आमच्या महामार्गावर दुपारी जे मृगजळ वाहताना दिसतं, तेच हे. लाटा डावीकडून उजवीकडे सरकताहेत, त्यांचा वेग मंदावतोय, आणि एका क्षणी त्या सरळ वर उकळू लागतात. ते उकळणं म्हणजे वारा थांबला किंवा उलटण्याच्या बेतात आहे. अनुभवी कोच अशा वेळी गोळी रोखून धरतो. मग तो आकडा सांगतो, ‘डावीकडे अडीच’. नेमबाज साइटची चकती तेवढी फिरवतो आणि मारतो. ‘का?’ असं विचारायची सोय नाही.

कामाची ही वाटणी मला फार मोलाची वाटते. गोळी वर किंवा खाली गेली तर दोष बहुधा नेमबाजाचा. डावी-उजवी गेली तर कोचचा. सुटल्या क्षणी नेम कुठे होता, हे नेमबाजाने खरं सांगायलाच हवं. त्याने स्वतःचा धक्का लपवला तर कोच ती चूक वाऱ्याच्या खात्यावर मांडतो आणि पुढची गोळीही वाया जाते. म्हणून संघाच्या तयारीत गोळ्या झाडण्याइतकंच महत्त्व आहे ते कोणत्या नेमबाजाची कोणत्या कोचशी जोडी जमते, कुणी आधी उतरावं, शेजारच्या लक्ष्यावरच्या कोचने दिसलेला बदल किती लवकर कळवावा, याला. अशी जमवाजमव एका शिबिरात होत नाही, त्यात वर्षं जातात.

चुकीची किंमत किती असते ते २६ सप्टेंबर १८७४ ला दिसलं. १८७३ मध्ये एल्को शील्ड ही लांब पल्ल्याची स्पर्धा जिंकलेल्या आयर्लंडने अमेरिकेला आव्हान दिलं. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला सामना झाला. आयरिश संघाकडे तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी थेट बुलमध्ये बसली, पण शेजारच्या लक्ष्याच्या. गुण शून्य. शेवटी सगळा भार अमेरिकेच्या कर्नल बोडाइनवर आला. काही वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात कापला होता. रुमाल गुंडाळून त्याने गोळी मारली आणि ती बुलमध्ये गेली. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. बुलला तेव्हा चार गुण होते, म्हणजे मिल्नरची ती एक गोळी योग्य लक्ष्यावर लागली असती तर निकाल फिरला असता. दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, त्याच मैदानावर ८००, ९०० आणि १००० यार्डांचा पाल्मा सामना सुरू झाला. जगातल्या लांब पल्ल्याच्या संघांची तो आजही सर्वोच्च कसोटी आहे.

मग आपण यात कुठे आहोत? कौशल्याची उणीव आपल्याकडे नाही. भारताच्या नॅशनल रायफल असोसिएशनची १९५१ मधली उभारणीच एका मराठी घरातल्या माणसाने केली, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी. देशभरातले नेमबाज आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेकडे जातात. पण आपली सगळी वाट १०, २५ आणि ५० मीटरची आहे, कारण ऑलिंपिक तिथेच आहे. तिथला वारा वेगळा. १० मीटरला तर बंद हॉलच असतो. ३०० मीटरच्या बिग बोअरमध्ये मुख्यतः सैन्य आणि सशस्त्र दलांचेच नेमबाज दिसतात, आणि त्यापुढे नागरिकाला पाऊल टाकायला जागाच नाही.

कायदा आड येतो. ७.६२ हे लष्करी जातीचं काडतूस, ते सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. मैदानाचा प्रश्न त्याहून अवघड. ही गोळी चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे लक्ष्यामागे डोंगर हवा किंवा कोसभर निर्मनुष्य जमीन हवी. कृष्णा-कोयनेच्या काठी उसाने भरलेल्या आमच्या भागात एवढा मोकळा तुकडा कोण देणार? वर गोळ्यांचा आणि परदेश प्रवासाचा खर्च. त्यात राष्ट्रकुल स्पर्धेचं एक दार होतं तेही बंद झालं. २०१८ ला ब्रिस्बेनच्या बेलमाँट रेंजवर फुलबोअरचे, म्हणजे याच लांब पल्ल्याच्या रायफलीचे, सामने झाले. २०२२ च्या बर्मिंगहॅममधून नेमबाजीच वगळली गेली, आणि २०२६ च्या ग्लासगोतही ती नाही.

हे सगळं खरं असलं तरी न सुटणारं नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलसाठी गुरुग्रामजवळ कादरपूरला केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या आवारात फुलबोअरचे सामने आपण भरवले होते. तिथे एकेरीचं सुवर्ण जिंकलं ते पराग पटेल या इंग्लंडच्या नेमबाजाने. म्हणजे मनावर घेतलं तेव्हा मैदान मिळालं, परवानग्याही मिळाल्या. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला, मावळंकरांच्या गावी, व्हायच्या आहेत. यजमान म्हणून फुलबोअरचा आग्रह भारताने धरावा, आणि महाराष्ट्र रायफल असोसिएशनने आतापासून सैन्याशी बोलून एखादी लांब पल्ल्याची रेंज वर्षातले काही आठवडे नागरी नेमबाजांना मिळवून द्यावी. कोलापोर कपाला आठ नेमबाज आणि वारा वाचणारे दोन-तीन कोच लागतात. ती माणसं शोधायला दुधाळीपासून सुरुवात करावी.